न शिकलेलं गांडूळ पास कसं झालं?

खोपरा त्या रविवारी पहिल्यांदाच रस्त्यावर उतरला. टी आकाराचा तो अरुंद मार्ग त्याने त्याआधी कधी पाहिला नव्हता (गांडुळाला डोळे नसतात, तेव्हा ‘पाहिला’ म्हणणंही चूकच). तरी पाच फेऱ्यांत पाचही वेळा तो उजवीकडे वळला. हेच वळण घ्यायला जलेबी आणि गराडू यांना सहा दिवस लागले होते. नात टाळ्या पिटत होती, “आजी, हा तर हुशार निघाला!” माझ्या पोटात मात्र गोळा आला. खोपरा हुशार नव्हता. मग सहा दिवस जे आम्ही ‘शिकणं’ म्हणून वहीत लिहीत होतो, ते काय होतं?

प्रकरण घरचंच आहे, इंदूरमध्ये सुदामानगरातल्या आमच्या गच्चीवरचं. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. नात नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला असा विषय हवा होता जो ‘यूट्यूबवर सगळ्यांनी केलेला नसेल’. गच्चीवर आमचे गांडूळखताचे दोन ड्रम आहेत. ओला कचरा वेगळा काढायची सवय इंदूरकरांच्या आता हाडीमाशी खिळली आहे. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला तेव्हापासून सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीला कोणता डबा आधी द्यायचा हे लहान पोरालाही कळतं. आमच्या घरची सालं, चहाचा चोथा आणि देवाचं निर्माल्य मात्र गाडीत न जाता ड्रममध्ये जातं.

जाता जाता सांगते, कंपोस्ट आणि इंदूरचं नातं या सर्वेक्षणाहून बरंच जुनं आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम करून कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते, आणि १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचं नाव आहे. त्या पद्धतीत गांडुळं नसतात, ढीग तापवून आणि उलटून खत होतं. पण शेजारीपाजारी कुणी ‘हे केंचुए कशाला पाळता’ म्हणालं की मी हॉवर्डसाहेबांचं नाव पुढे करते.

ड्रममधली गांडुळं लाल, बोटाएवढी, आयसेनिया फेटिडा जातीची. शेतातल्या ढेकळाखाली सापडतात ती वेगळी. ही शेणाच्या आणि सडक्या पाल्याच्या ढिगात राहणारी, म्हणून खताच्या धंद्यात हीच वापरतात. अंगाने श्वास घेतात, त्यामुळे कातडी ओली राहिलीच पाहिजे. कोरडं, खरखरीत, खारट आणि उजेडाचं त्यांना सोसत नाही. कातडीत उजेड जाणवणाऱ्या पेशी असतात, पण लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही. ही शेवटची गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

नातीचा प्रश्न साधा होता. गांडूळ आपल्या चुकीवरून शिकतं का?

या प्रश्नाला शंभर वर्षांहून जुनं उत्तर आहे, आणि मीच तिला ते उत्साहाने सांगून बसले. १९१२ साली अमेरिकेत रॉबर्ट यर्क्स यांनी शेणातल्या गांडुळाला टी आकाराच्या मार्गात सोडलं. एका हाताला सँडपेपर आणि त्याच्यापुढे विजेचा झटका, दुसऱ्या हाताच्या टोकाला काळोखी, ओलसर पेटी. बऱ्याच फेऱ्यांनंतर गांडूळ झटक्याचा हात टाळू लागलं. झटका बंद करून यर्क्सची नक्कल करायची असं आमचं ठरलं.

वायरमन भिंतीवर ठोकतात ती प्लास्टिकची केसिंग पट्टी कापून टी केला. तळाला ओला टिश्यू. डाव्या हातात तीन बोटं रुंदीचा सँडपेपर. (आमच्या हार्डवेअरवाल्याकडे तो ‘रेगमाल’ म्हणून मागावा लागतो. मी एकदा सवयीने ‘काचपेपर’ म्हटलं तर तो काचेच्या दुकानाचा पत्ता सांगायला लागला.) उजव्या हाताच्या टोकाला ओल्या खताने भरलेला चहाचा कुल्हड आडवा. प्रत्येक गांडुळाचं घरही कुल्हडच, वर मार्करने नाव. नावं अर्थातच खाण्याची: वेटोळं घालून बसणारी जलेबी, जाडजूड गराडू (इंदूरला तळून खातात तो कंद) आणि राखीव खेळाडू खोपरा. गांडूळ उभयलिंगी असतं, एकाच अंगात नर आणि मादी दोन्ही, हे मी सांगितलं. त्यावर तिने तोडगा काढला, “मग नावावरून ठरवू या.”

रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या पाच फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास कुल्हडात विश्रांती. शरीराचा पुढचा चतुर्थांश ज्या हातात गेला तो त्याचा निर्णय धरायचा. पहिल्या दोन दिवसांत डावं-उजवं जवळपास सारखं होतं. चौथ्या दिवसापासून उजवं वाढलं, सहाव्या दिवशी जलेबी आणि गराडू दोघंही पाचापैकी पाच. नातीने त्याच रात्री चार्टपेपरवर आलेख काढला आणि खाली जाड अक्षरांत लिहिलं, ‘गांडूळ शिकतं.’

दुसऱ्या दिवशी खोपरा आला.

पिवळा डाग

मी टी उचलून दिव्याखाली धरला. डाव्या हातात, रेगमालाच्या कडेला, टिश्यूवर फिकट पिवळे डाग होते. वास घेतला आणि उलगडा झाला. या गांडुळाच्या नावातलं ‘फेटिडा’ म्हणजे दुर्गंधी. जास्त छळ झाला की ते अंगातला पिवळट, घाण वासाचा द्रव बाहेर टाकतं. पण नुसत्या सँडपेपरवर घासून इतका द्रव यावा? मी नातीकडे पाहिलं. तिने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला सुरुवात केली.

“आजी, दुसऱ्या दिवशी ती डावीकडेच जात होती ना... म्हणून थोडंसं मीठ घातलं. चिमूटभरच.”

मीठ म्हणजे गांडुळाच्या ओल्या कातडीवर निखारा. अंगातलं पाणी ओढून घेतं. मी रागावले, आणि त्यावर बराच वेळ बोललेही. शाळेच्या प्रदर्शनासाठी कुठल्याही जिवाला भाजायचं नाही, हा नियम त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर गेला. मात्र मिठाने जी भानगड केली ती नुसत्या रेगमालानेही कमी प्रमाणात केलीच असती, म्हणून सगळा दोष मिठाच्या माथी मारून चालणार नव्हतं.

भानगड अशी. त्रास झालेलं गांडूळ अंगातून जो चिकट स्राव सोडतं, तो दुसऱ्या गांडुळाला ‘इकडे येऊ नको’ असं सांगतो. ही अलंकारिक भाषा नाही. १९६८ मध्ये रेसलर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या जातीच्या गांडुळांवर हे दाखवलं होतं: धोक्याच्या वेळी सोडलेला स्राव बाकीची गांडुळं टाळतात. (त्या चौघांतले एक, रॉबर्ट चाल्डिनी, पुढे माणसं कशी वळवली जातात या विषयावर जगप्रसिद्ध झाले. सुरुवात गांडुळांपासून केलेली बरी.) आणि १९७५ मध्ये रोझेनकोएटर आणि बॉइस यांनी हाच मुद्दा थेट टी आकाराच्या मार्गाला लावला. गांडूळ त्या मार्गात कसं वागतं यावर अशा स्रावांचा परिणाम होतो, असं त्यांनी मांडलं.

आम्ही टिश्यू रोज बदलत होतो. फेरीगणिक बदलत नव्हतो. पट्टी नुसती फडक्याने पुसत होतो, आणि रेगमालाचा तुकडा तर सहाही दिवस तोच. दिवसागणिक डाव्या हातात त्या वासाचा थर चढत गेला. जलेबी आणि गराडू जसेच्या तसे होते, बदलला होता रस्ता. खोपरा तयार रस्त्यावर आला आणि त्याने तो वाचला, एवढंच.

दुसरी गोम तिथेच सापडली. आमची गच्ची, सगळ्या गच्च्यांसारखीच, पाणी वाहून जावं म्हणून एका बाजूला उतरती आहे. नातीने टीच्या मधोमध गोटी ठेवली. गोटी आरामात उजवीकडे गेली.

काय सिद्ध करायचं होतं, आणि काय झालं होतं

थोडं थांबून शब्द नीट करू. प्राण्याचं वागणं अनुभवाने बदललं म्हणजे तो परिणामांतून शिकला, असं होत नाही. बदल अनेक रस्त्यांनी येतो. गांडुळाच्या कुल्हडावर टकटक करा. पहिल्यांदा ते झटकन आक्रसेल, विसाव्यांदा हलणारही नाही. हे सरावणं. उलट एकदा मोठा त्रास दिला की नंतर साध्या स्पर्शालाही ते दचकतं. हे बिचकणं. दोन्ही ठिकाणी प्राण्याने काय केलं याला काही महत्त्व नाही. त्याच्यावर काय आदळलं एवढ्यावर सगळं ठरतं.

परिणामांतून शिकणं वेगळं. मी डावीकडे वळले म्हणून उजेड आला, उजवीकडे वळले म्हणून आला नाही. आता पुढच्या खेपेला माझं वळणं बदललं. यात ‘म्हणून’ हा शब्द काढला तर काही उरत नाही. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना लाकडी खोक्यात कोंडून पाहिलं होतं. आतली दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर मासा मिळे. मांजर आधी ओरबाडे, चावे, कुठेतरी चुकून खटका दाबला जाई. फेरीगणिक सुटायला लागणारा वेळ कमी होत गेला, पण एकदम नाही, वर-खाली होत. मांजराला ‘युक्ती समजली’ असती तर आलेख कड्यासारखा कोसळला असता. तो उतारावरून घरंगळत आला. ज्या कृतीमागून समाधान आलं ती पक्की होत गेली, बाकीच्या गळत गेल्या. पुढे त्यांनी यालाच परिणामाचा नियम म्हटलं. आमच्या मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत याच वाटेने पुढे ‘साधक अभिसंधान’ असा भारदस्त शब्द आला. नात तो ऐकून म्हणाली, “हे तर मंत्रासारखं वाटतंय.” मी तो पुन्हा उच्चारला नाही.

म्हणजे आम्हाला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, अशी शिक्षा जी मागे काही ठेवणार नाही. दोन, तो ‘म्हणून’ तपासायची सोय.

पहिलीचं उत्तर नातीनेच दिलं. उजेड. टॉर्च बंद केली की उजेड संपला, वास नाही, डाग नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी मला १९६२ चं एक झुरळ आठवलं.

जोडीदार

झुरळाची ती गोष्ट ऐकायला क्रूर आहे, पण पद्धत म्हणून मला ती आजही अतिशय देखणी वाटते. जी. एड्रियन हॉरिज यांनी झुरळांची डोकी काढून त्यांना क्षारजलावर टांगलं. एक पाय खाली लोंबत असे. पाय ठरावीक पातळीखाली गेला, पाण्याला लागला, की त्या पायाला झटका. थोड्या वेळाने, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, पाय वर राहू लागला. इथे कुणीही विचारील: वारंवार झटके बसल्यावर पाय आखडणारच, यात शिकलं कोण? म्हणून हॉरिजने प्रत्येक झुरळाला एक जोडीदार दिला. पहिल्या झुरळाचा पाय पाण्यात गेला की झटका दोघांनाही, त्याच क्षणी, तेवढाच. पण जोडीदाराचा पाय वर असो की खाली, त्याला काही फरक पडत नव्हता. दोघांना मिळालेले झटके एकसारखे. फक्त एकाच्या झटक्यांचा त्याच्या वागण्याशी संबंध होता, दुसऱ्याच्या झटक्यांचा नव्हता. नंतर दोघांना सुटं करून, प्रत्येकाला आपापल्या पायाचा झटका लावला, तेव्हा पहिल्याने पाय वर ठेवून झटके चुकवले. जोडीदार मात्र खातच राहिला.

डोकं नसताना! म्हणजे पायाच्या पातळीवरची ही शिकवण धडातल्या गाठीत, चेतापेशींच्या त्या छोट्या गुंत्यात उतरली होती. यर्क्सनेही शेवटी आपल्या शिकलेल्या गांडुळाची पुढची काही वलयं, मेंदूसकट, कापून टाकली होती, आणि तरी ते बरोबर वळत राहिलं होतं. नातीने हे ऐकून जलेबीच्या कुल्हडावर हात ठेवला. मी तिला सांगितलं की आपल्या वहीचं पहिलं पान अजून लागू आहे.

तर नवी मांडणी. गच्चीऐवजी खालची सामानाची खोली, दार बंद. मोबाइलमधल्या लेव्हलने टेबल सपाट केलं. शिवाय टी रोज अर्धा वळसा फिरवायचा, म्हणजे आज उजवा हात खिडकीकडे, तर उद्या भिंतीकडे. दिवाळीच्या भेटीच्या टोपलीचा लाल कागद दिव्याला गुंडाळला, आम्हाला दिसावं आणि गांडुळाला फारसं दिसू नये म्हणून. रेगमाल बाद. पट्टी प्रत्येक फेरीनंतर गरम पाण्याने धुवायची, टिश्यू प्रत्येक फेरीला नवा.

दोन टी शेजारी-शेजारी. एकात जलेबी, दुसऱ्यात गराडू. जलेबीचं तोंड डाव्या हातात शिरलं की नात “दिवा!” म्हणायची आणि पांढऱ्या टॉर्च दोन्ही टींवर एकदम लागायच्या. जलेबीने अंग मागे घेतलं की दोन्ही बंद. जलेबी उजव्या टोकाला पोचली की तिला तिच्या ओल्या कुल्हडात ठेवायचं आणि त्याच क्षणी गराडूलाही त्याच्या, मग तो जिथे असेल तिथून. त्रास आणि सुटका दोन्ही दोघांना सारखी. फक्त गराडूला काय होतं ते जलेबीच्या हाती होतं.

“बिचारा गराडू,” नात तिसऱ्या दिवशी म्हणाली. “त्याला वाटत असेल देवच टॉर्च मारतो.”

गांडुळाला काय ‘वाटतं’ याबद्दल मी तोंड उघडणार नाही. पण माणसांतले गराडू मी पाहिले आहेत, परीक्षेला ठरावीक पेनच नेणारे.

वही काय म्हणते

वीस दिवस चाललं. मधे एका रविवारी पाहुणे आले आणि एक दिवस बुडाला, तो पुढे भरून काढला. नातीच्या वहीत नुसते आकडे नाहीत, शेरेही आहेत, आणि मला आकड्यांपेक्षा शेरे अधिक मोलाचे वाटतात. पहिल्या दिवसांत जलेबी तिठ्यावर आली की न थांबता एका बाजूला सरकायची. दहाव्या-अकराव्या दिवसापासून शेरा दिसतो, ‘थांबली’. मग, ‘डोकं डावीकडे नेलं, परत आणलं, उजवीकडे गेली.’ चौदाव्या दिवशी, ‘दोनदा परत आणलं.’ डाव्या हातात शिरायच्या आधीच, म्हणजे उजेड लागायच्या आधीच, मागे फिरणं सुरू झालं होतं. हे तिठ्यावरचं डोलणं मी पूर्वी नुसतं वाचलं होतं. स्वतःच्या घरात, लाल उजेडात, श्वास रोखून पाहताना त्याची मजा निराळीच आहे.

आकडे असे: पहिल्या चार दिवसांतल्या वीस फेऱ्यांत जलेबी ९ वेळा उजवीकडे. शेवटच्या चार दिवसांतल्या वीस फेऱ्यांत १५ वेळा. गराडू पहिल्या वीसांत १० वेळा उजवीकडे. शेवटच्या वीसांत ११ वेळा उजवीकडे, ६ वेळा डावीकडे आणि ३ वेळा तो हललाच नाही, तिठ्यावर गोळा होऊन पडून राहिला.

वीसपैकी पंधरा म्हणजे किती पक्कं? मी नातीला नाणं उडवायला लावलं. वीस-वीसच्या खेपा करता करता तिचा अंगठा दुखला, पण मुद्दा डोक्यात शिरला. नुसत्या नशिबाने वीसात पंधरा किंवा जास्त छापे शंभर खेपांत साधारण दोनदा पडतात. म्हणजे नशिबावर ढकलणं अवघड आहे, अशक्य नाही. त्यातून ‘शेवटचे चार दिवस’ हा तुकडा आम्ही आकडे पाहिल्यावर निवडला होता. ते आधी ठरवायला हवं होतं. मी स्वतः विद्यार्थ्यांना या चुकीबद्दल नापास केलं असतं.

आणि एक भोक उरलंच होतं. जलेबीचा मूळचा ओढाच उजवीकडे असेल आणि तो हळूहळू वाढला असेल तर? यावर उपाय एकच, दुसऱ्या एखाद्या गांडुळाला उलट शिकवायचं, उजवीकडे वळलं की उजेड. ते काम खोपराकडे दिलं. तोवर डिसेंबर सरत आला. इंदूरच्या थंडीत खताचा ड्रमसुद्धा गार पडतो, आणि थंड गांडूळ म्हणजे मठ्ठ गांडूळ. दहा-दहा मिनिटं तिठ्यापर्यंतसुद्धा येईना. खोपराचे आठ दिवस झाले आणि प्रदर्शनाची तारीख आली. त्या आठ दिवसांच्या आकड्यांतून काही काढणं म्हणजे कुंडली मांडणं.

आत काय बदलतं

शिकल्यावर जलेबीच्या आत नेमकं काय बदललं हे सांगायला आमच्या सामानाच्या खोलीत काही नव्हतं. पण दुसऱ्या एका मऊ, बिनहाडाच्या प्राण्यात ते फार आतपर्यंत जाऊन पाहिलं गेलं आहे. अ‍ॅप्लिशिया नावाची समुद्री गोगलगाय. तिच्यात चेतापेशी सुमारे २०,०००, काही इतक्या मोठ्या की नुसत्या डोळ्यांना दिसतात. एरिक कँडल यांना २००० सालचं नोबेल मिळालं त्यात हिच्यावरच्या कामाचा वाटा मोठा, पण ते काम मुख्यतः सरावणं आणि बिचकणं यांवरचं. परिणामांतून शिकण्यावरचं काम ब्रेम्ब्स, बायर्न आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये छापलं.

त्यांनी गोगलगायीच्या अन्ननलिकेकडे जाणाऱ्या चेतेवर तारा बसवल्या. ती आपणहून चावा घेण्याची हालचाल करी, तोंडात काही नसताना. प्रत्येक चाव्याबरोबर त्या चेतेला हलका विद्युत्‌स्पर्श, म्हणजे पोटात अन्न गेल्याची खोटी बातमी. जोडीदार गोगलगायींना तेवढेच स्पर्श, पण त्यांच्या चाव्यांशी संबंध नसलेले. फक्त दहा मिनिटांची शिकवणी. ज्यांच्या बाबतीत ‘चावले म्हणून मिळालं’ होतं त्या नंतर जास्त चावू लागल्या, जोडीदार नाही. मग संशोधक बी-५१ नावाच्या एका चेतापेशीपर्यंत पोचले. शिकलेल्या प्राण्यांत ती पेशी जोडीदारांतल्यापेक्षा सहज पेटत होती, म्हणजे विद्युत्‌संदेश सोडत होती.

पुढचा टप्पा मी नातीला दोनदा सांगितला. ती एक पेशी प्राण्यातून काढून बशीत वाढवली. ती पेटली की लगेच तिच्यावर डोपामाइनचा, म्हणजे चेतापेशींना बक्षिसाची बातमी देणाऱ्या रसायनाचा, फवारा. दुसऱ्या बशीतल्या पेशीला तेवढेच फवारे, पण तिच्या पेटण्याशी मेळ नसलेले. पहिलीच्या ठायी तोच बदल दिसला, दुसरीत नाही. जोडीदाराची युक्ती एका पेशीपर्यंत उतरली होती.

“म्हणजे पेशीसुद्धा जलेबी आणि गराडू?” नातीने विचारलं.

अगदी तेच.

चार्टपेपर

शाळेत एक अडचण आली. विज्ञानाच्या शिक्षकांनी चार्ट पाहिला आणि निष्कर्ष ठाम हवा असं सांगितलं. पहिला चार्ट, ‘गांडूळ शिकतं’ वाला, दिसायला छान होता, आलेखही गुळगुळीत, तोच लावावा असा त्यांचा आग्रह. त्यांचीही बाजू आहे. परीक्षकाला दोन मिनिटं असतात आणि ‘बहुधा’ लिहिलेल्या चार्टपुढे तो थांबत नाही. मी मधे पडले नाही. नातीने दोन्ही चार्ट शेजारी-शेजारी लावले. डावीकडे गुळगुळीत आलेख, त्याच्यावर लाल पेनने फुली आणि पिवळ्या डागाचा फोटो. उजवीकडे खडबडीत आलेख, दोन रेषा, एक जलेबीची, एक गराडूची. खाली एक ओळ: ‘जलेबी बहुधा शिकली. खोपराचे वीस दिवस झाल्यावर सांगू.’

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. सोडा आणि व्हिनेगरच्या.

घरी आल्यावर तिघांना ड्रममध्ये सोडलं. त्यांना थंडीत कुल्हडात ठेवणं बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नात पोह्यांची बशी तशीच ठेवून वर गेली आणि पाच गांडुळं एका वाटीत घेऊन खाली आली. तिला जलेबी परत हवी होती. खोपराच्या पुढच्या फेऱ्यांना जोडी म्हणून, असं ती म्हणाली. ड्रममधली सगळी गांडुळं सारखीच दिसतात. तिचा बेत असा की एकेकाला टीत सोडायचं, जे ओळखीचं वागेल ती जलेबी.

आम्ही सामानाच्या खोलीत लाल दिवा लावून बसलो. पहिलं सरळ डावीकडे गेलं. दुसरं उजवीकडे, पण न थांबता. तिसरं अर्ध्यावरून परत फिरलं. चौथं तिठ्यावर आलं आणि थांबलं. डोकं डावीकडे नेलं, मागे घेतलं, थोडा वेळ हवेत धरलं आणि उजवीकडे सरकलं.

“हीच,” नात पुटपुटली.

नुसत्या नाण्याप्रमाणे पाहिलं तरी निम्मी गांडुळं उजवीकडेच जाणार, हे तिला मी सांगायच्या आधीच तिने पट्टी धुवायला घेतली. मी नवा टिश्यू भिजवला. वाटीत पाचवं अजून बाकी होतं.